विकतचा चिखल

सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात जी माणसं येतात, त्यांतली काही मी दारातूनच ओळखते. गुडघेदुखीच्या आजीबाई हळू येतात, पण मुकाट्यानं येतात. कॉम्प्युटरपुढं बसणारी पोरं मान धरून येतात. आणि हे एक येतात, त्यांचा एक हात कमरेवर असतो, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली असते आणि चेहऱ्यावर भाव असा, की सरहद्दीवरून नुकतेच परतलेत. काय झालं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘काल ट्रेलला गेलो होतो, मॅडम.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नाशकात माझा छोटासा दवाखाना आहे. ट्रेल म्हणजे काय, हे मला या पेशंटांकडूनच कळलं. चारही चाकांना जोर मिळणारी महागडी जीप घ्यायची, रविवारी ती चांगल्या डांबरी रस्त्यावरून मुद्दाम खाली उतरवायची, दगडगोट्यांत, ओढ्यात, चिखलात घालायची, अडकवायची, ओढून काढायची आणि पुन्हा त्याच डांबरी रस्त्यावर येऊन घरी जायचं. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. आमच्या आईच्या भाषेत याला खाजवून खरूज काढणं म्हणतात. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर लोक रस्ता व्हावा म्हणून पिढ्यान् पिढ्या अर्ज करताहेत, आणि ही मंडळी रस्ता सोडता यावा म्हणून कर्ज काढून गाडी घेतात. हौसेला मोल नाही म्हणतात. पण मणक्याला असतं, हे मी त्यांना टेबलावर पालथं झोपवून समजावते. ते हुं हुं करतात आणि पंधरा दिवसांनी परत येतात.

आता हे सगळं मी इतक्या कडू तोंडानं का सांगतेय, याला कारण आहे. यांच्यातल्याच एकाशी माझं लग्न ठरत आलं होतं.

त्यांच्या क्लबचा एक म्होरक्या आहे. पन्नाशीचा गडी, पाइपांचा धंदा, मिशीला रोज तेल लावत असावा. त्याला सगळे दादा म्हणतात. मोठ्या भावाला म्हणावं तसं प्रेमानं कमी आणि सुभेदाराला म्हणावं तसं दबून जास्त. दादांची कंबर माझ्याकडे वर्षभर होती. त्यांच्या बरोबर त्यांची बायको यायची. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मला न्याहाळायची. क्लबातले सगळे तिला वहिनी म्हणतात म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले. एके दिवशी दादा टेबलावर पालथे पडलेले असतानाच वहिनींनी विषय काढला. त्यांचा मावसभाऊ होता, इंजिनियर, स्वभावानं गरीब, लग्नाचा राहिलेला. माझी तिशी उलटून गेली होती. आईनं तोवर इतक्या देवांना साकडं घातलं होतं, की कोणत्या देवाला काय कबूल केलंय हे तिचं तिलाही आठवत नसावं. मी म्हटलं, बघू.

आणि मला तो आवडला. हे स्पष्टच सांगते, नाहीतर पुढच्या रागाला अर्थ राहत नाही. आम्ही चार-पाचदा भेटलो. दोघंच असलो की तो स्वतःवर मनापासून हसायचा. बारावीत गणितात कसा आपटला, चुलतबहिणीच्या लग्नात वरातीत नाचताना उघड्या गटारात कसा गेला, पहिल्या नोकरीत साहेबालाच शिपाई समजून चहा कसा सांगितला, हे सगळं तो रंगवून सांगायचा आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. बघायला आलेल्या मुलग्यांनी आपली फजिती सांगितलेली मी तोवर ऐकली नव्हती. बाकीचे आपलं पॅकेज सांगत. संध्याकाळी त्याचा फोन आला नाही तर मी दोनदा फोन उघडून बघायचे. आईच्या ते लक्षात आलं होतं आणि ती न बोलता गुणगुणायला लागली होती.

त्याच्या आईला सोमवारी सटाण्याला भावाकडे जायचं होतं आणि जाताना पक्की बातमी घेऊन जायची होती. म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडून हो की नाही कळायला हवं होतं. मी मनात हो ठरवलंच होतं. म्हटलं, उगाच एक दिवस भाव खाऊ. तेवढ्यात तो म्हणाला, ‘रविवारी आमच्या ट्रेलला ये ना. सगळे भेटतील.’ नवऱ्याबरोबर त्याची खरूजही घ्यावी लागते, असं मनाशी म्हणून मी तयार झाले.

पेठ रोडला एका पेट्रोल पंपावर सगळे जमले. सात-आठ जीपा. प्रत्येकीवर वाघाचे पंजे, कवट्या, डोंगर असले स्टिकर. टपावर फावडं आणि कुऱ्हाड बांधलेली. कुऱ्हाडीच्या पात्यावर चिकटलेलं दुकानातलं लेबल अजून निघालेलं नव्हतं. पुरुषांनी ठिकठिकाणी खिसे असलेल्या पँटी घातल्या होत्या आणि त्या खिशांत काही नव्हतं. एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभे राहून ते वॉकीटॉकीवर बोलत होते. ‘दादा, ऐकू येतंय का?’ ‘येतंय, बोल.’ ‘चहा घ्यायचा का?’ बायकांना एकाच रंगाचे टी-शर्ट दिलेले होते. त्यांच्याकडे दोन कामं होती, डबे सांभाळणं आणि व्हिडिओ काढणं.

घाट उतरून गेल्यावर एका पाड्याच्या अलीकडे गाड्या रस्त्याच्या खाली उतरल्या आणि थांबल्या. सगळे टायरांची हवा कमी करायला बसले. मऊ टायर जमीन जास्त धरतं, म्हणून हवा काढायची. एवढी साधी गोष्ट, पण ती मला चार पुरुषांनी पाळीपाळीनं येऊन समजावली. चौथ्याला मी म्हटलं, ‘कळलं, भाऊजी.’ तरी त्यानं शेवटपर्यंत सांगितलंच.

मग दादांनी आपल्या जीपमधून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. त्यात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मला वाटलं कुणाची ओटी भरायचीय. पण तो त्यांचा नियम होता. ज्याची गाडी अडकेल आणि दुसऱ्याला दोर लावून ओढून काढावी लागेल, त्याच्या गाडीच्या पुढच्या जाळीला एक बांगडी बांधायची. महिनाभर ती काढायची नाही. ऑफिसला, बाजारात, सासुरवाडीला, जिथं जाईल तिथं गाडीवर बांगडी. कशासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. हातात बांगड्या भरल्यात का, हा आपल्याकडचा जुना प्रश्न यांनी गाडीला टांगला होता. समोर बांगड्या घातलेल्या सहा-सात बायका उभ्या होत्या आणि त्याही हसत होत्या. माझ्या हातात बांगड्या नसतात, पेशंटला टोचतात म्हणून. तरीही मला ते आवडलं नाही आणि मी ते त्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, ‘अगं, गंमत असते.’

आता चिखल. उन्हाळा तोंडावर आला होता. जमीन भेगाळलेली, ओढ्यात नुसते गोटे. मी विचारलं, चिखल कुठे आहे? त्यावर सगळ्यांनी समजूतदारपणे माझ्याकडं पाहिलं आणि पाच मिनिटांत धुरळा उडवत पाण्याचा टँकर आला. खोटं सांगत नाही. चिखल करण्यासाठी टँकर मागवला होता. जिथं मार्चपासून माणसांना टँकर लागतो, तिथं यांनी जीप रुतवायला टँकर आणला. आधी जेसीबीनं खणून ठेवलेला एक लांबट खड्डा होता, त्यात टँकरवाल्यानं नळी सोडली.

पाड्यावरच्या दोन बायका हंडे घेऊन आल्या. त्यांतली एक टँकरवाल्याला म्हणाली, ‘ह्ये पानी कोनाचं हाय? दोन हंडं भरू दे ना रं भाऊ.’ टँकरवाल्यानं दादांकडं पाहिलं. दादा विरघळले. त्यांनी स्वतः नळी हातात घेऊन हंडे भरून दिले आणि वहिनींना ओरडून सांगितलं, ‘घेतेयस ना गं?’ वहिनी व्हिडिओ घेत होत्या. दादांनी दुसरा हंडा पुन्हा एकदा भरला, कारण पहिल्या वेळी उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर येत होती. त्या बाईनं भरलेला हंडा ओतून परत धरला आणि दादांकडं असं पाहिलं, की माझंच तोंड खाली गेलं. मग उरलेला टँकर खड्ड्यात गेला.

चिखल तयार झाल्यावर जत्रा सुरू झाली. एकेक गाडी यायची, इंजिन गुरगुरायचं, चिखलाचे फवारे उडायचे आणि पलीकडे निघाली की टाळ्या. दादांची गाडी गेली, आणखी दोघांची गेली. मग आमची पाळी. मी त्याच्या शेजारी बसले होते. त्यानं गाडी जोरात घातली, निम्म्यापर्यंत आली, मागची चाकं खाली बसली आणि जागच्या जागी गरगरायला लागली. त्यानं मागं घेतली, पुढं घेतली. चाकं आणखी खाली. ‘चिखल पातळ केलाय यांनी,’ तो पुटपुटला. नाचता येईना, अंगण वाकडं. मी हसले. दोघंच असतो तर तोही हसला असता.

पण बाहेर सगळे काठावर येऊन उभे राहिले होते. कुणीतरी सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी ताल धरला. ‘बांगडी! बांगडी! बांगडी!’ पोट सुटलेली, डोक्यावर टक्कल आलेली, घरी पोरांचा अभ्यास घेणारी माणसं टाळ्या वाजवून ओरडत होती. त्याची मान लाल झाली. त्यानं पुन्हा गाडी रेटली. चाकांनी आणखी चिखल उडवला आणि गाडी एका बाजूला कलली. त्याच्या कपाळावर घाम होता. मला त्याची दया आली आणि मी त्याच्या हातावर हात ठेवला.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘तू इकडं ये.’

‘कुठं?’

‘माझ्या जागी. ये पटकन. नुसतं स्टिअरिंग धर.’

मला वाटलं, हा चिखलात उतरून मागून ढकलणार. खरंच असं वाटलं, आणि त्या क्षणी मला त्याचं कौतुकही वाटलं. मी गिअरवरून पाय टाकून त्याच्या जागी सरकले. तो माझ्या बाजूच्या दारानं उतरला, मांडीपर्यंत चिखलात गेला, काठाकडं दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं म्हणाला, ‘ए, मी नाही! हिला चालवायची होती. म्हटलं घे, होऊ दे हौस. घातली बघा चिखलात!’

मी काचेतून बाहेर बघत राहिले. काठावर पंधरा-वीस माणसं होती. कुणाचंही लक्ष दुसरीकडं नव्हतं. तो गाडी चालवत होता, तो अडकला, मग मी गिअरवरून सरकले, हे प्रत्येकानं धडधडीत पाहिलं होतं. वहिनींच्या तर फोनमध्येही होतं. मला वाटलं, आता कुणीतरी त्याची खेचणार. वरातीत गटारात पडलेला माणूस इथंही आपल्यावर हसणार आणि विषय संपणार.

पण दादा म्हणाले, ‘असं होय! बाई चालवत असेल तर नियम वेगळा. बांगडी गाडीला नाही, तिच्या हातात!’

आणि टाळ्या पडल्या. दोर लावला, दादांच्या जीपनं आमची गाडी खेचून काढली. मला खाली उतरवून मध्ये उभं केलं. वहिनी बांगडी घेऊन आल्या. माझा पंजा रुंद आहे, रोज दुसऱ्यांची पाठ दाबून दाबून झालेला. बांगडी चढेना. त्यांनी कासारासारखा माझा हात दाबला, अंगठा आत वळवला आणि ती सरकवली. तेव्हा माझ्या अगदी जवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, ‘मनावर नको घेऊस गं. माझ्या वेळी ह्यांनीही असंच स्टिअरिंगवर बसवलं होतं. साखरपुड्याच्या आधीच. ह्या सगळ्यांना एकदा ना एकदा बसवलंय. आता तू आमच्यातली झालीस.’

मी बाकीच्या बायकांकडं पाहिलं. एकाच रंगाचे टी-शर्ट घालून त्या टाळ्या वाजवत होत्या. त्यांचं हसू वाईट नव्हतं. दवाखान्यात पहिल्यांदा आलेल्या पेशंटला जुने पेशंट हसून जागा करून देतात, तसं ते होतं. कुणीही चिडलेलं नव्हतं. मला कधी नव्हे ती किळस आली. चिखलाची नाही, चिखल बिचारा पाणी आणि माती. या लोकांनी आपली लाज झाकायला बायको नावाचं सामान गाडीत ठेवलेलं होतं, फावड्याच्या आणि कुऱ्हाडीच्या शेजारी, आणि तेवढंच एक सामान ते खरंच वापरत होते. डोंगर चढायची, ओढे ओलांडायची मर्दुमकी म्हणे. टँकरनं भिजवलेल्या खड्ड्यात चार माणसं हसतील, एवढीसुद्धा भीती ज्याला पेलत नाही, त्यानं टपावर कुऱ्हाड बांधून हिंडावं म्हणजे कमाल आहे. पडलो तरी नाक वर म्हणतात. यांचं नाक वर राहावं म्हणून खाली पडायला दुसरं माणूस लागत होतं.

जेवणं झाली. मी जेवले नाही, पोट बरं नाही म्हणाले. परत निघालो तेव्हा तो खूश होता. एका हातानं गाडी चालवत होता, गाणं लावलं होतं. घाट चढून आल्यावर म्हणाला, ‘सगळ्यांना आवडलीस तू. दादा म्हणाले, मुलगी खेळकर आहे.’

‘गाडी कुणी अडकवली?’ मी विचारलं.

‘अगं, ते सगळ्यांना माहितीय.’

‘सगळ्यांना माहितीय, तर बांगडी माझ्या हातात का?’

तो हसला. ‘तुझ्या हातात शोभते. माझ्या गाडीवर महिनाभर लटकली असती. ऑफिसात काय तोंड दाखवलं असतं?’

मी तापट आहे, हे माझ्या घरच्यांना विचारा. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, बँकेतल्या साहेबाशी माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. पण त्या गाडीत माझा आवाज चढला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला रडू येत होतं, कारण मला तो माणूस अजून आवडत होता. गटारात पडलेला तो. त्यानं जर त्या खड्ड्यात माझ्याकडं वळून म्हटलं असतं, ‘हे लोक माझी टिंगल करतील, मला ते सोसत नाही, माझ्यासाठी एवढं करशील का?’ तर मी त्याच्या जागेवर बसले असते. हसत बसले असते. वर स्वतः ओरडून सांगितलं असतं की मीच अडकवली. आयुष्यभर ही गोष्ट आम्ही दोघांनी मिळून कुणाला सांगितली नसती. पण त्यानं मला विचारायच्या लायकीचंसुद्धा धरलं नाही. हाताशी होते, म्हणून मला वापरलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी उभी केली. वर गॅलरीत आई कपडे काढायच्या निमित्तानं उभी होती. दोरीवर एकही कपडा नव्हता.

‘मग?’ तो म्हणाला. ‘आईला काय सांगू? बॅग भरून वाट बघत बसली असेल.’

‘नाही म्हणून सांग.’

त्याला आधी कळलंच नाही. मग वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याचा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ पुढं मला हेच शब्द आईनं ऐकवले, वहिनींनी फोन करून ऐकवले आणि दोन मावश्यांनी घरी येऊन ऐकवले. मी प्रत्येकीला एकच सांगितलं, की मोठी गोष्ट झाल्यावर नाही म्हणायची सोय नसते. त्याला मात्र मी काही सांगितलं नाही. सांगून कळणार असतं तर त्या खड्ड्यातच कळलं असतं. मी बांगडी काढायचा प्रयत्न करत होते आणि ती पंजात अडकली होती. शेवटी मी ती दारावर आपटून फोडली, आणि तुकडे त्याच्या गाडीत पडू नयेत म्हणून ओढणीत गोळा केले.

त्याचे डोळे भरून आले होते. नाटक नव्हतं ते. त्यालाही मी आवडले होते, हे मला ठाऊक होतं. मी दार उघडलं, एक पाय खाली टाकला. तेव्हा त्यानं मला हाक मारली. मला वाटलं, आता म्हणेल. चुकलो म्हणेल. खरं सांगायचं तर तेवढं म्हटलं असतं, तर मी तो पाय परत आत घेतला असता.

‘एक विचारू? रागवू नकोस,’ तो म्हणाला. ‘तू नाही म्हणालीस असं कळलं तर दादा आणि बाकीचे... तुला माहितीय ते कसे आहेत. मीच नाही म्हटलं, असं सगळ्यांना सांगितलं, तर चालेल तुला?’

या वेळी त्यानं निदान विचारलं होतं. मी हो म्हटलं.